लोकेशन, आणि कॅमेऱ्याच्या मागे राहिलेला दरवाजा

अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) पाथर्डीच्या रस्त्याला लागले की शहर मागे पडता पडता शाह डोंगराच्या माथ्यावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत दिसू लागते. कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल, ‘चांदबीबीचा महाल’. इन्स्टाग्रामवर हे नाव टाकून पाहा. लग्न ठरलेली जोडपी, उडणारी ओढणी, कमानीतून येणारी तिरपी उन्हे असे फोटोमागून फोटो येतात. नगर-पुण्याच्या फोटोग्राफर मंडळींच्या यादीत हे लोकेशन वरच्या क्रमांकावर असते.

प्रत्यक्षात तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. मुर्तजा निजामशाहाचा वजीर दुसरा सलाबतखान याचा तो मकबरा आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरचा. तळघरात कबरी आहेत. चांदबीबी ही हुसेन निजामशाहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशाहाची बेगम. १५९५-९६ साली शहजादा मुरादच्या फौजेपुढे ती उभी राहिली ती खाली शहरातल्या भुईकोट किल्ल्यात, या डोंगरावर नव्हे. पण वजिरापेक्षा राणीचे नाव लोकांच्या तोंडात जास्त बसते. पाणीपुरवठ्याची कामे करणारा, फराहबागेच्या बांधकामाशी ज्याचे नाव जोडले जाते असा एक कर्तबगार कारभारी स्वतःच्याच कबरीवर अनोळखी होऊन पडला आहे.

ही जागा फोटोसाठी इतकी चांगली का, याचे उत्तर मला माझ्या भाच्याने दिले. तो लग्नांचे फोटो काढतो. दर हिवाळ्यात त्याचा फोन येतो, ‘मामू, यंदा एखादं नवीन लोकेशन सांगा ना, सगळ्यांनी तेच तेच केलंय.’ जागा बघायला जाण्याला ते लोक ‘रेकी’ म्हणतात. अशा एका रेकीला मी त्याच्यासोबत शाह डोंगरावर गेलो. तो सांगत होता आणि मी ऐकत होतो. इमारत आठ कोनांची, म्हणजे दिवसाच्या कोणत्याही वेळी तिची काही अंगे उन्हात आणि काही सावलीत असणारच. माणसाला सावलीत उभे करा आणि मागे उजेड घ्या, किंवा उलट. माथ्यावर आड येणारे काही नाही, त्यामुळे सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची उन्हे थेट कमानीतून आत येतात. विजेच्या तारा नाहीत, होर्डिंग नाही. वारा मात्र फार, तोसुद्धा त्याच्या कामाचा, कारण ओढणी धरून उडवायला माणूस लागत नाही.

त्याच्या सगळ्या बोलण्यात ‘कबर’ हा शब्द एकदाही आला नाही. त्याला माहीत नव्हते असे नाही. त्याच्या धंद्यात तो शब्द उपयोगाचा नव्हता, एवढेच.

त्यानंतर काही आठवड्यांनी पुण्याचे एक जोडपे घेऊन तो पुन्हा तिथे गेला, मीही नगरला काम असल्याने सोबत होतो. शूट सुरू असताना त्या मुलीने सहज विचारले, ‘चांदबीबी नेमकी कुठल्या मजल्यावर राहायची?’ भाचा माझ्याकडे पाहू लागला. मी जे खरे होते ते सांगितले. ती मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मग आम्ही इथे असं करणं बरं दिसतं का?’ मी म्हणालो, ‘खाली जाऊ नका, पायातलं घालून ओट्यांवर चढू नका, बाकी कमानी सगळ्यांच्या आहेत.’ या बोलण्यात उन्हाची वीसेक मिनिटे गेली आणि भाच्याने परतीच्या रस्त्यावर मला त्याबद्दल ऐकवलेही. चार दिवसांनी फोटो लागले. खाली लिहिले होते, ‘चांदबीबी महाल’.

मला त्या दोघांचा राग आला नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. फोटोसाठी चांगली जागा म्हणजे काय, हे आपल्याकडे पहिल्यांदा कुणी ठरवले? आणि त्या ठरवण्यात मकबरे, मशिदी, दर्गे इतके पुढे कसे आले?

फोटोग्राफीचा शोध युरोपात १८३९ साली जाहीर झाला आणि काही महिन्यांत ती कलकत्ता-मुंबईच्या वर्तमानपत्रांत पोहोचली. मुंबईत ऑक्टोबर १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सुरुवातीच्या हौशी फोटोग्राफरांपैकी होते, आणि मराठी माणसाच्या हाती कॅमेरा किती लवकर आला याची साक्ष म्हणून त्यांचे नाव घ्यायलाच हवे. पण शहराबाहेर पडून इमारतींचे फोटो काढण्याचे मोठे काम सरकारी होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना वाटू लागले की जुन्या इमारतींची चित्रे काढायला चित्रकार नेमण्यापेक्षा कॅमेरा स्वस्त आणि अचूक. १८५५ साली मुंबई इलाख्याने तोफखान्यातील कॅप्टन थॉमस बिग्ज यांना या कामावर नेमले. त्यांनी विजापूर, ऐहोळे, बदामी अशा जागा गाठल्या. वर्ष संपता संपता त्यांना पलटणीत परत बोलावले गेले आणि त्यांच्या जागी डॉ. पिगू नावाचे लष्करी डॉक्टर आले. या फोटोंतून पुढे १८६६ साली लंडनमध्ये जाडजूड ग्रंथ निघाले. विजापूरच्या ग्रंथाला मजकूर होता कर्नल मेडोज टेलर यांचा.

म्हणजे दख्खनमधली पहिली मोठी ‘रेकी’ एका तोफखान्याच्या अधिकाऱ्याने केली. जागा निवडण्याचे निकष त्याला वरून आले होते. जे ‘प्राचीन’ आहे, जे ढासळत आहे, ज्याची नोंद सरकारला हवी आहे, ते टिपायचे. नांदता मोहल्ला, भरलेला बाजार, जुम्म्याची नमाज हे त्या यादीत नव्हते.

दुसरा निकष तंत्राचा होता आणि तो फार गमतीचा आहे. बिग्ज कागदाच्या निगेटिव्हवर काम करीत. त्यावर चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. जे हलते ते चित्रात उमटतच नाही. समजा विजापूरच्या एखाद्या मशिदीच्या अंगणातून त्या वेळात पन्नास माणसे ये-जा करून गेली, कागदावर अंगण रिकामेच दिसणार. वापरात असलेली जागा ओसाड दिसू लागली, यात फोटोग्राफरचा काही कट असण्याची गरज नव्हती, त्याच्या रसायनाने ते काम केले. दिसायचा तो एकच माणूस, ज्याला ‘इथे उभा राहा, हलू नकोस’ असे सांगितलेले असे. त्याचा उपयोग इमारतीची उंची कळावी एवढाच. त्या काळच्या अल्बमांत अशी माणसे पुष्कळ भेटतात. कमानीखाली, खांबाला टेकून, पागोटे घातलेली. इमारतीचे नाव खाली छापलेले असते, त्याचे नसते.

काचेच्या ओल्या प्लेटचे तंत्र आले तेव्हा वेळ सेकंदांवर आला, पण दुसरीच कटकट सुरू झाली. काचेवर कोलोडियन ओतायचे, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळण्याआधी धुवायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत. उन्हाळ्यात त्याहून कमी, कारण आपल्याकडच्या उन्हात ते भराभर वाळते. म्हणजे फोटोग्राफरला इमारतीच्या अगदी जवळ अंधाराचा तंबू लागे, भरपूर स्वच्छ पाणी लागे, सपाट जागा लागे आणि काचा, बाटल्या, तिवई वाहणारे हमाल लागत. सॅम्युअल बोर्न हा नावाजलेला इंग्रज फोटोग्राफर १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि हिमालयात चाळीस-चाळीस हमालांचा तांडा घेऊन हिंडला. मैदानी मुलखाविषयी त्याची तक्रार असे की इथे चित्राजोगे काही नाही. हमालांना काय वाटले, ते त्याने विचारले नाही.

आता या गरजा डोळ्यांपुढे ठेवून आपले मकबरे पाहा. मकबरा बहुधा बागेत असतो. बागेत हौज किंवा कालवा, म्हणजे पाणी. चारी बाजूंनी मोकळी जागा, म्हणजे कॅमेरा मागे नेता येतो. उंच चबुतरा, म्हणजे तिवई स्थिर. झाडांची सावली, म्हणजे तंबू. गजबजलेल्या गल्लीतली मशीद यातले काहीच देत नाही. माझा आपला अंदाज असा की दख्खनच्या मुस्लिम वास्तूंपैकी मकबरे जगापुढे फार आले आणि मोहल्ल्यातल्या मशिदी, खानकाहा, सराया मागे राहिल्या, यात सौंदर्याइतकाच वाटा पाण्याचा आणि मोकळ्या जागेचाही असावा. मेलेल्यांसाठी राखलेली शांतता जिवंतांच्या धंद्याला सोयीची पडली.

यावर कुणी म्हणेल की फोटोग्राफर आला नसता तर आज आपल्याजवळ काहीच नोंद नसती. हे अर्धेच खरे आहे. सर सय्यद अहमद खान यांनी दिल्लीच्या इमारतींवर ‘आसार-उस-सनादीद’ हा ग्रंथ १८४७ साली छापला. त्यात शंभराहून अधिक चित्रे होती, हाताने काढलेली. कुतुबमिनाराच्या उंचावरचे शिलालेख वाचता यावेत म्हणून ते टोपलीत बसून स्वतःला वर ओढून घेत, असे हाली यांनी त्यांच्या चरित्रात लिहिले आहे. खाली उभे असलेले मित्र इमामबख्श सहबाई यांचा जीव टांगणीला लागत असे. सर सय्यद यांनाही जागा निवडाव्या लागल्या. पण त्यांना प्रत्येक जागेचे नाव, बांधणाऱ्याचे नाव आणि भिंतीवरचा मजकूर हवा होता. त्यांनी शहराविषयी लिहिले तेव्हा त्या शहरातल्या माणसांविषयीही लिहिले, हकीम, कवी, खुशनवीस, गवई यांच्याविषयी. कॅमेऱ्याच्या अल्बमांत ही माणसे सापडत नाहीत.

आणि जागेशी किती बेमुर्वतपणे वागता येते याचा सर्वांत कडवट दाखला लखनौचा आहे. नोव्हेंबर १८५७ मध्ये सिकंदरबागेत इंग्रज फौजेने सुमारे दोन हजार बंडवाल्या शिपायांना मारले. काही महिन्यांनी, १८५८ मध्ये, फेलीचे बियातो हा युद्धाचे फोटो काढणारा फोटोग्राफर तिथे आला. त्याच्या प्रसिद्ध फोटोत पडक्या हवेलीपुढच्या अंगणात हाडे आणि कवट्या विखुरलेल्या दिसतात. सर जॉर्ज कॅम्पबेल या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत नोंदवले आहे की ती प्रेते आधीच झाकलेली होती, फोटोसाठी ती पुन्हा उघडी करायला लावली. ती हाडे हिंदूंची होती तशी मुसलमानांचीही. फोटोग्राफरला फक्त पुढची बाजू रिकामी वाटत होती.

त्याच लखनौत १८७४ साली दारोगा अब्बास अली यांचा ‘द लखनौ अल्बम’ निघाला. ते नगरपालिकेत सहायक अभियंता होते. पन्नास फोटो आणि शहराचा नकाशा. एका मुसलमान फोटोग्राफरने आपल्याच शहरातल्या जागा निवडल्या, तेव्हा काहीतरी वेगळे झाले असेल असे वाटते. पण अल्बम इंग्रजीत होता आणि गिऱ्हाईक इंग्रज प्रवासी, ज्यांना १८५७ च्या वेढ्याच्या जागा पाहायच्या होत्या. अब्बास अलींनी इमामबाडे, बागा, दरवाजे सारे दाखवले, मात्र रेसिडेन्सीच्या कथेला सोडता आले नाही. मला यात त्यांचा दोष दिसत नाही. भाच्याचा धंदा जवळून पाहिल्यावर एवढे कळते की जागा फोटोग्राफर शोधत असला तरी पसंत गिऱ्हाईक करतो.

आपल्या मराठवाड्याकडे यायचे तर राजा दीनदयाळ यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते मेरठजवळच्या सरधन्याचे जैन, जन्म १८४४. इंदूरला नोकरी करता करता फोटोग्राफी शिकले आणि पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खान यांचे दरबारी फोटोग्राफर झाले. निजामाने त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. ‘मुसव्विर’ म्हणजे चित्र घडवणारा. तसवीर हराम की हलाल यावर आपल्याकडे आजही तासन्‌तास बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की एका मुसलमान बादशाही दरबाराने एका जैन फोटोग्राफरला सन्मानाने ही पदवी दिली होती. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) तेव्हा निजामाच्या राज्यात. त्यामुळे १८९२ च्या सुमाराच्या त्यांच्या निजाम राज्याच्या अल्बमात हैदराबादसोबत आपल्याकडची स्थळेही आली. तोवर कोरड्या प्लेटा बाजारात आल्या होत्या. तंबू आणि हमाल यांतून फोटोग्राफर सुटला होता.

दीनदयाळ यांची एक गोष्ट मला त्यांच्या सर्व फोटोंपेक्षा महत्त्वाची वाटते. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला. पडदानशीन स्त्रियांचे फोटो काढायला स्त्रियाच, आणि प्रमुख केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई. बाहेरच्या नजरेची वर्दळ नको म्हणून बंदोबस्त. ज्या स्त्रीला उघड्यावर उभे राहता येत नाही तिच्यासाठी त्यांनी एक आडोशाची जागा तयार केली. यालाही लोकेशन शोधणेच म्हणायचे. तिथे काढलेले फोटो घरातच राहत, भिंतीवर लागत नसत. त्यामुळे बिग्जच्या अल्बमाचा इतिहास लिहिता येतो, या स्टुडिओचा फार थोडा.

आमच्या घरी माझ्या दादीचा एकच फोटो आहे. तालुक्याच्या स्टुडिओत काढलेला, मागे पडद्यावर रंगवलेला कठडा, खांब आणि दूर कुठेतरी एक घुमट. त्या पिढीच्या बायकांसाठी बाहेरची जागा अशी पडद्यावर रंगवून आत आणली जात असे. दादी मकबऱ्यापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर अख्खे आयुष्य राहिली. मकबऱ्यापुढे उभा राहून काढलेला तिचा फोटो नाही. आज तिची पणती त्याच मकबऱ्याच्या हौजाकाठी निळ्या शरार्‍यात उभी राहून स्वतःचे फोटो काढून घेते आणि कोणत्या बाजूने घ्यायचे ते फोटोग्राफरला सांगते. म्हणून प्री-वेडिंग शूट म्हणजे निव्वळ थिल्लरपणा असे म्हणणाऱ्या आमच्या काही बुजुर्गांशी माझे पटत नाही. या मुलींनी मोकळे आकाश बऱ्याच उशिराने मिळवले आहे.

बीबीचा मकबराही एका स्त्रीचाच. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली आणि १६६०-६१ च्या सुमारास हा मकबरा उभा राहिला. ताजमहालाशी जोडल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा अताउल्ला याने तो रचला. खर्चाचा जुन्या तवारिखेतला आकडा सहा लाख अडुसष्ट हजारांच्या आसपासचा आहे, ताजच्या मानाने फारच थोडा. घुमट आणि खालचा काही भाग संगमरवराचा, बाकी काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा. पैसे कमी म्हणून संगमरवर कमी, हे सारेच सांगतात. त्या गिलाव्यात कारागिरांनी जी फुले-पाने काढली आहेत त्याकडे मात्र फार थोडे पाहतात. कारण समोरून काढलेल्या फोटोत ती दिसतच नाहीत.

समोरून काढलेला तो फोटो तुम्हाला डोळे मिटून सांगता येईल. मधोमध पाण्याचा लांब हौज, दोन्हीकडे झाडे, टोकाला घुमट, चार मिनार. ताजमहालाचाही असाच फोटो जगभर गेला आणि मग आपला मकबरा कायमचा त्याच्या शेजारी उभा केला गेला, ‘गरिबांचा ताज’ म्हणून. मला वाटते, या टोपणनावाची निम्मी जबाबदारी त्या एका कोनावर आहे. समोरून मिनार घुमटाच्या मानाने जास्त उंच वाटतात आणि इमारत आखडलेली दिसते. बाजूला या, मधल्या रस्त्याच्या जाळीदार कठड्यामागून पाहा, किंवा चबुतऱ्यावर चढून एका मिनाराच्या सावलीतून घुमट पाहा. तिथे ताजची आठवणही येत नाही.

उजेडाविषयीही सांगून टाकतो, कारण भाच्याला मी सांगितलेल्यांपैकी एवढीच गोष्ट त्याने वहीत लिहून घेतली. मकबऱ्याचे तोंड दक्षिणेला आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खालून जातो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवसभर दर्शनी बाजू उजळलेली असते आणि गिलाव्याचे उठावाचे काम सकाळ-संध्याकाळी चांगले उमटते. हे शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला सरकतो आणि ऐन दुपारी दर्शनी भिंत सावलीत जाते. पांढरा घुमट आणि पांढुरके आकाश एकमेकांत मिसळतात ते वेगळेच. दीडशे वर्षांपूर्वीच्या फोटोग्राफरांना हा त्रास जास्त होता. त्यांच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील, त्यामुळे आकाश नेहमी कोरे पांढरे उमटे. जुन्या फोटोंतले ढग गेले कुठे, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर. श्रावणात पाऊस उघडल्यावर मागचे डोंगर हिरवे होतात आणि घुमट त्यावर सुटा दिसतो. त्या दिवसांत जा.

परवानगीचेही विचारून घ्यावे. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या स्मारकांत हातातल्या साध्या कॅमेऱ्याने फोटो काढणे वेगळे आणि ट्रायपॉड, दिवे, धंदेवाईक शूट वेगळे. १९५९ च्या नियमांपासून चित्रीकरणाला परवाना लागतो, ड्रोनचे नियम आणखी निराळे. पाणचक्कीसारखी वक्फची जागा असेल तर तिथे बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे, लोक फातेहा पढायला येतात, तिथल्या मंडळींना आधी सलाम करून विचारले तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. खुलताबादेत तर पावलापावलावर कबरी आहेत. मलिक अंबरचा मकबरा गावाबाहेर, बराच निवांत. ज्याने खडकी वसवली, जिचे पुढे औरंगाबाद झाले, आणि ज्याच्या नहरींचे पाणी या शहराने शतकानुशतके प्यायले, तो हबशी गुलाम तिथे झोपला आहे. हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, ‘मामू, तिथे गर्दी नसते ना?’ मी म्हणालो, ‘नसते.’ तो म्हणाला, ‘मग उद्या बघून येऊ. पण खाली नाव काय टाकायचं ते तुम्हीच लिहून द्या.’ मी लिहून दिले.

जागेचा असा दुसरा वापर काही आजचा नाही. विजापुरात इंग्रजांनी एका मशिदीत डाकबंगला आणि दुसरीत पोस्ट ऑफिस थाटले होते. ते हलवायला लॉर्ड कर्झनसारख्या साम्राज्यवाद्याला लक्ष घालावे लागले. त्या मानाने तासभर कमानीत उभे राहून निघून जाणारे जोडपे फारच सभ्य म्हणायचे.

मकबऱ्याला जाल तेव्हा आणखी एक पाहा. आत शिरण्याचा जो मोठा दक्षिण दरवाजा आहे, त्याच्या कवाडांवर पितळी पत्र्याचे नक्षीकाम आहे. त्याच दारावर अताउल्लाचे नाव कोरलेले आहे आणि त्याच्यासोबत हंसपत राय या कारागिराचे. एक मुसलमान, एक हिंदू, दोघांची नावे एकाच दारावर, औरंगजेबाच्या काळातली. हजारो लोक रोज त्या दारातून जातात. पण हौज, झाडे आणि घुमट एका रेषेत यावेत म्हणून फोटो काढणारा उभा राहतो तो नेमका त्याच दाराच्या तोंडाशी, आत बघत. दार त्याच्या पाठीशी असते.